कानात सांगितलेलं नाव

आमच्या भिसेगावच्या आळीत कोणाकडे मूल जन्मलं की बारशाच्या आधी त्या घरातलं एखादं माणूस आमच्या मागच्या दारी यायचं. पुढच्या दारी कधीच नाही. नाव विचारायचं असायचं माझ्या नणंदेला, आणि माझी नणंद विधवा. शुभकार्याची गोष्ट त्यांच्याशी उघड बोलायला लोक कचरायचे, पण नावातलं त्यांच्याइतकं कळणारं जवळपास दुसरं कोणी नव्हतं. मग तोंड लपवून यायचे आणि नाव घेऊन जायचे. बारशाला दुसरीच कोणी आत्या ते नाव बाळाच्या कानात सांगायची आणि वर मिरवायची. मला याचा फार राग यायचा. वन्संना यायचा नाही, म्हणून मला जास्तच यायचा.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. माहेर पळसदरीचं, फार लांब नव्हे. माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी सगळे म्हणत, आणि सासरच्यांना ते लवकरच पटलं. घरात सासूबाई, आमचे हे आणि ह्यांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं. हे रेल्वेच्या गँगमध्ये होते, दिवसभर लाइनीवर. शेतीचा सगळा भार वन्संवर. त्यांना खालापूरकडे दिलं होतं. नवरा तापात गेला आणि त्या परत आल्या. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न, विचारणाही झाली होती, पण त्यांनी नको म्हटलं. का ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एकाचं नाव लावलं, तेवढं बास झालं गं."

वन्सं शाळेत गेलेल्या नव्हत्या. माणूस भेटलं की त्याचं नाव, आडनाव आणि ते का पडलं, एवढं विचारल्याशिवाय त्या त्याला सोडत नसत, आणि ऐकलेलं विसरत नसत. कर्जतच्या बाजारात एक मुसलमान चाचा कापड घेऊन बसायचे. त्यांच्या आडनावाला खाडीकाठच्या कुठल्याशा गावाचं 'कर' लागलेलं होतं. वन्संनी त्यांना विचारलं, "चाचा, गाव कसा हाय तुमचा?" ते म्हणाले, मी कधी बघितलाच नाही, माझ्या आज्याने सोडला. परत येताना वन्सं मला म्हणाल्या, "बघ वैनी, जो गावात ऱ्हातो त्याला गावाचं नाव कोन लावील? गाव सुटला का मगच तो नावाला चिकटतो."

माझ्या माहेरचं आडनावही 'कर'नेच संपतं. आपली माणसं कधीतरी कुठूनतरी उठून आलेली असणार, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या दिवशी मी वडिलांच्या वडिलांचा विचार करत घरापर्यंत चालले. असं त्या बाईचं बोलणं होतं. रोजच्या वापरातली वस्तू उलटी करून तिची खालची बाजू दाखवावी, तशा त्या नाव दाखवायच्या. आळीत घारे आडनावाचं एक घर होतं आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे काळेभोर. मी हसले. वन्सं म्हणाल्या, "हसू नको. यांच्यात कवातरी कोनी घाऱ्या डोळ्यांचा देखना मानूस होऊन गेला. त्याला कोनी बघितला नाय, पन नाव सांगताना रोज त्याचीच आठवन निघते."

नकुशी नावाची एक मुलगी शेजारी होती, चौथी लेक झाली म्हणून तसं ठेवलेलं. ते एक नाव वन्संच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तिला त्या 'पोरी' म्हणायच्या, आणि अशा लाडानं की ती मुलगी आईला सोडून यांच्या मागे मागे फिरायची.

आता त्यांच्या स्वतःच्या नावाचं सांगते. त्यांचं नाव धोंडी. सासूबाईंची आधीची मुलं हाती लागली नव्हती. अशा घरात पुढच्या मुलाला ओबडधोबड नाव ठेवायची पद्धत होती. केरात टाकून उचललं की केरू, कोंड्याच्या बदल्यात शेजारणीला विकून परत आणलं की कोंडू, नाक टोचलं की नथू. आणि दगडू, धोंडू तर घरोघरी. ही पद्धत मला ठाऊक होती, पण वन्संच्या नावाची मला कीवच यायची. एकदा दोघी उखळावर भात कांडत होतो तेव्हा मी बोलूनही गेले, "सगळ्या आळीला तुम्ही गोड गोड नावं वाटता आणि तुमच्या वाट्याला धोंडा."

वन्संनी मुसळ थांबवलं. "धोंडी म्हंजे धोंडा नव्हं गं. धोंडी म्हंजे ऱ्हा. जाऊ नको. गोड नाव सुखात सुचतं. असं नाव ठेवनारी आई किती रडली आसंल ते बघ." आणि पुन्हा कांडायला लागल्या.

मी त्यानंतर कोणाच्याही नावाला हसले नाही. दगडू म्हणून कोणी हाक मारली की मला त्याच्या आईचा चेहरा बघावासा वाटे. माझ्याहून थोड्याच मोठ्या त्या बाईनं मला माणसांकडे बघायला शिकवलं, हे मी आजही कोणालाही सांगते.

पुढे ते शिकणं माझ्याच अंगावर आलं. माझे पहिले दोन मुलगे गेले. दोघांची बारशी थाटात झाली होती, नेरळहून ह्यांची चुलत बहीण आली होती आणि तिनं देवादिकांची मोठी मोठी नावं कानात सांगितली होती. नावांचा दोष नाही, तिचाही नाही. दुसरा गेला त्या दिवशी मी भिंतीला टेकून बसले होते, माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वन्सं त्याला मांडीवर घेऊन त्याच्या नावानं हाका मारत होत्या. ऊन पडल्यापासून उतरेपर्यंत त्या बाईनं हाक मारायची सोडली नाही. माझ्या लेकाला शेवटची हाक त्यांनी मारली.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, पहाटे पहाटे. सासूबाईंनी लगेच ठरवून टाकलं. पोरीला केरात टाकून उचलायचं, नाव केरी ठेवायचं आणि नेरळच्या चुलत नणंदेला बोलवायचं. मी म्हटलं, "केरात टाका, कोंड्यावर विका, मला सगळं चालंल. पण नाव कानात वन्संच सांगतील. सख्खी आत्या घरात असताना नेरळची कशाला?"

सासूबाई ताडकन उठल्या. "कुंकू नसलेलीचं तोंड पोरीच्या कानाला? दोन गेली ती कमी झाली काय तुला?"

हे म्हणाले, बायकांच्या भानगडीत मी नाय, आणि डबा घेऊन लाइनीवर निघून गेले. वन्संही माझ्या बाजूला उभ्या राहिल्या नाहीत. "नको वैनी," त्या म्हणाल्या. "पोरीला काय झालं तर मी तोंड कुठं दाखवू? नाव मी सांगीन तुला. कानात दुसरी कोनी सांगंल."

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. रिवाज असा सहजासहजी मनातून जात नाही. बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या पोरीचा श्वास ऐकायचा आणि वाटायचं, मी हट्टापायी हिला घालवते आहे का? पण मांडीवरच्या लेकाला हाका मारणाऱ्या वन्सं डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. पहिली हाक मारायला हे तोंड वाईट, आणि शेवटची मारताना बरं चाललं. तो विचार आला की माझी भीती मावळायची आणि डोकं तापायचं. मी सांगून टाकलं, वन्सं नाव सांगणार नसतील तर बारसंच नको, पोर बिननावाची राहू दे. बारावा दिवस तसाच गेला. आळीत कुजबुज झाली.

शेवटी सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि रडायला लागल्या. "मी पोरं घालवलीत गं. मला ठाव हाय ते. म्हनून बोलते."

मी म्हटलं, "आई, तुमी पोरं घालवलीत म्हणून हिचं नाव धोंडी ठेवलंत. ही ऱ्हाली. आधीची सगळी गेली, हिचा नवरा गेला, ही ऱ्हाली. घरात जी ऱ्हाली तिच्या तोंडाची तुमाला भीती वाटते?"

एवढं बोलून मीच घाबरले. सासूबाई उठून मागच्या दारी जाऊन बसल्या आणि जेवायलाही आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर पाळण्याला नवी दोरी बांधत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नेरळला सांगावा धाडू नको."

बारशाला निम्म्याच बायका आल्या. साखर रेशनवर, त्यामुळे घुगऱ्याच केल्या होत्या. वन्सं मागच्या दारात उभ्या होत्या, विटक्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून. मी हाक मारली तेव्हा त्या आल्या, पाळण्याशी बसल्या आणि पोरीच्या कानाशी वाकल्या. ओठ हलले, पण आम्हाला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी नाव मोठ्यानं सांगितलं. ते केरी नव्हतं. लेक आता आजी झाली आहे, तिला आपलं नाव छापलेलं आवडायचं नाही, म्हणून अर्थावर भागवते. त्या नावाचा अर्थ पहाट.

सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे वळले. वन्सं तशाच वाकलेल्या, पाळण्यावरचा हात न काढता म्हणाल्या, "आई, मी नावानं ऱ्हाले नाय. तू धरून ठेवलंस म्हनून ऱ्हाले. हिलाबी आपून धरून ठेवू."

आमच्याकडे आत्यानं कानात नाव सांगितलं की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हसतात, ओरडतात, आत्या खोटं खोटं विव्हळते. त्या दिवशी एकही हात उठला नाही. विधवेच्या पाठीला हात कोण लावणार? मी खाटेवरून उठायला गेले, तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला आवाज येईल असा. मग दुसरा. मग शेजारणीनं एक घातला, आणि मग सगळ्याच जणी आल्या.

वन्सं वर बघत नव्हत्या. शेवटचा धपाटा बसल्यावरही त्या पाळण्यावर पाठ वाकवून तशाच बसून राहिल्या, आणखी कोणी यायचं राहिलं असेल म्हणून.