ठिपक्याचा अनार

आमच्या मागच्या गल्लीतले चाचा गुलमंडीत घड्याळं दुरुस्त करतात आणि दिवाळीला हौसेनं घरीच मातीचे अनार बनवतात. बोलतात कमी, तेही अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. तयार झालेला प्रत्येक अनार ते कानाशी धरतात, घड्याळ ऐकावं तसा. पहिला नेहमी स्वतः पेटवतात. तोवर आम्ही सगळे लांब ओट्यावर.

मला फटाक्यांची भीती वाटते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी यंदा त्यांनी एका अनारावर चुन्याचा ठिपका काढून तो माझ्या हातात दिला.

"हा तुझा, बेटा. आवाज नाय करणार."

मग त्यांनी पहिला पेटवला. तो जरासा उसळला आणि धाडकन फुटला. चाचांनी भाजलेला हात झटकला आणि ते अनारांची टोपली उचलून पाण्याच्या बादलीकडे निघाले.

"अहो चाचा, एकच तर बिघडला!" शेजारच्या काकू ओरडल्या. "महिनाभराची मेहनत बुडवता का?"

"और कौनसा बिघडलाय, ते पेटवल्यावरच कळतं, भाभी."

माझा अनार मी घट्ट धरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीतरी पेटवावंसं वाटत होतं. चाचांनी हात पुढं केला. मी दिला. बादलीत त्यांनी सगळ्यात आधी तोच सोडला.