कुंकू लावलेला डबा

तुळसाकाकीने त्या डब्याला कुंकू लावलं नसतं, तर पुढचा घोळ झालाच नसता. पण तिला सांगणार कोण? घरात नवं सूप आलं, लाव कुंकू. नवी कोयती आली, लाव कुंकू. शेजाऱ्याने विहिरीवर पंप बसवला, तर त्यालाही ही बाई बोट टेकवून मोकळी!

ती मिरजोळ्याला राहायची. आंब्याच्या दिवसांत भागोजीच्या शेडमध्ये कामाला जायची. बाया आंबे सोलून रस काढायच्या आणि भागोजी मशीन फिरवून डब्यांवर झाकणं बसवायचा. एकदा झाकण बसलं की आत ना हवा शिरणार, ना मुंगी. ते बघता बघताच तिच्या डोक्यात एक युक्ती आली.

तिचा नवरा बाळा मोठ्या लढाईत गेला होता. हौसेने नव्हे हो! भरतीवाले गावात आले, धडधाकट पोरं रांगेत उभी केली आणि नावं घालून घेऊन गेले. तो पार इटलीपर्यंत जाऊन जिवंत परत आला, संसाराला लागला, काशी ही लेक झाली, आणि पोर शाळेतही गेली नव्हती तोवर तापाने गेला. मागे राहिली एक लाकडी पेटी. तिच्यात पलटणीचे कागद, दोन बिल्ले, तिकडच्या नदीतला एक पांढरा गोटा, लढाईत पडलेल्या दादू नावाच्या दोस्ताच्या कोटाचं पितळी बटण, आणि पलटणीचा एक फोटो. बाळाचा दुसरा फोटोच नव्हता. त्यातही माणसं ही गर्दी, आणि बाळाचं तोंड चिंचोक्याएवढं.

कोकणातला पावसाळा कागदांना सोडतो होय? दर उन्हाळ्यात तुळसाकाकी आमसुलांच्या शेजारी सुपात ते कागद वाळत घालायची आणि कोंबड्या हाकत बसायची. तरी त्र्याऐंशीच्या पावसात वाळवीने पेटीचा तळ खाल्लाच. फोटोची एक कड गेली. अजून दोन बोटं पुढे सरकली असती, तर बाळाचं तोंडच गेलं असतं.

पुढच्या मे महिन्यात तिने सगळं फडक्यात गुंडाळलं आणि भागोजीपुढे ठेवलं.

"डब्यात घालून झाकण मार."

"काकी, रसाच्या डब्यात काका?" भागोजी हसला. पण बटण हातात घेतल्यावर त्याने नवाकोरा डबा काढला. आत काही खडखडू नये आणि ओल धरू नये म्हणून तिने उन्हात कडक तापवलेले तांदूळ चेपून चेपून भरले. भागोजीने जपून झाकण बसवलं. डबा हातात घेतला तर रसाच्या डब्यासारखाच जड. घरी येऊन तिने तो देवापुढे ठेवला, आणि सवयीने लावलं कुंकवाचं बोट!

आता मेख इथेच होती. त्यांच्या घरची रीत अशी, की हंगामातला पहिला डबा कुंकू लावून देवापुढे ठेवायचा आणि माहेराला आलेल्या लेकीने जाताना तो न्यायचा. काशी सुट्टी संपवून मुंबईला निघाली तेव्हा आई शेडमध्ये होती. लेकीने रीतसर देवाला हात जोडले आणि कुंकवाचा डबा पिशवीत टाकला. तुळसाकाकीने तर तिच्यासाठीचा रसाचा डबा देवापुढून उचलून फळीवर ठेवला होता. त्यालाही कुंकू होतंच म्हणा! देवापुढची जागा रिकामी नको म्हणून काशीने तोच तिथे ठेवला, आणि फळी रिकामी बघून आई निश्चिंत झाली.

गणपतीच्या आधी देव्हारा झाडताना तिला कळलं. देवापुढचा डबा तिने कानाशी धरून हलवला. आत डुचमळलं. म्हणजे हा रसाचा, आणि बाळाचा डबा गेला मुंबईला! आता पत्र घालून उपयोग नव्हता, काशी दोन दिवसांत येणारच होती. ते दोन दिवस ती नुसती घरात येरझारा घालत होती. तिने डोळे मिटून नवऱ्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. टोपी आठवली, खांदे आठवले. चेहरा काही येईना.

काशी एसटीतून उतरली. तुळसाकाकीने ना भाकरतुकडा ओवाळला, ना पाणी दिलं.

"काशे, डबा खाल्लास काय गो?"

"आये, आत तरी येऊ दे! तो मी वरच्या मजल्यावरच्या उमाबाईंना दिला. माझ्या बाळंतपणात त्यांनीच केलं ना सगळं."

"मेले, त्यात तुझा बापूस होता!"

"ठाऊक हाय," असं म्हणून काशीने ट्रंक उघडली.

उमाबाईंनी पाहुणे जेवायला बसवून, पुऱ्या तळून डबा फोडला होता. निघाले तांदूळ! दुसरी असती तर तिने काशीच्या नावाने खडे फोडले असते. उमाबाईंना बटण दिसलं, फोटो दिसला, आणि त्या तसाच डबा पदराखाली धरून जिना उतरल्या. सांडलेला दाणा न् दाणाही वेचून आणला होता. डबा आता काशीच्या ट्रंकेत होता, वर फडकं बांधलेला. आणि त्याच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तसबीर होती. उमाबाईंचे यजमान दादरला फोटोवाल्याकडे कामाला होते. काशीने बोट ठेवून दाखवलेलं ते चिंचोक्याएवढं तोंड त्यांनी हातभर मोठं करून दिलं होतं.

तुळसाकाकीने तसबीर दारापाशी उजेडात नेली. मग पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली आणि मधेच हसली. "अगो, यांचा एक दात असा पुढे होता! मी पार विसरलेच होते गो!"

कागद भागोजीने पुन्हा डब्यात बंद करून दिले. तसबीर भिंतीवर लागली. आणि पहिला डबा तेव्हापासून उमाबाईंना जातो, काशीला दुसरा. काशी अजून कुरकुर करते, "लेक मी की ती?"

"लेक तूच," तुळसाकाकी म्हणते, "पण मला त्यांचं तोंड आठवेनासं झालं होतं. ते तिनं परत दिलं."