ठिपकेवाले काका आणि पाचाचा आकडा

ऑफिसात त्यांना ठिपकेवाले काका म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतपत हळू. माणूस साधा, खोड एकच. प्रोग्रामच्या आवृत्तीच्या आकड्यांत जे ठिपके असतात ना, त्यांवरून ते कुणाशीही भांडत. छोटी दुरुस्ती केली तर शेवटचा आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर मधला, आणि जुनं काही चालेनासं होणार असेल तर पहिला. बायकोने साखरेचा डबा दुसऱ्या फळीवर ठेवला तरी म्हणायचे, "अगं, हा पहिल्या आकड्याचा बदल! आधी सांगायचं असतं." त्यावर बायको काय म्हणायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कंपनी लॉन्ड्र्यांसाठी प्रोग्राम करायची. दुकानात कपडा आला की गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी छापून त्याला टाचायची. काकांच्या धाकट्या मेहुणीची लॉन्ड्रीही त्यावरच चाले. नव्या आवृत्तीत चिठ्ठीचा साचा पार बदलला होता, आणि जुन्या छपाईयंत्रातून नुसता कोरा कागद बाहेर पडत होता. म्हणून काकांना पहिला आकडा चारच्या जागी पाच हवा होता. पहिला आकडा तोच राहिला तर दुकानांतले कॉम्प्युटर नवी आवृत्ती आपली आपण उतरवून घेत; बदलला तर आधी मालकाला विचारत.

पण आकडा ठरवायचे विक्रीवाले साहेब. तिथली रीतच तशी, स्वयंपाक एकाने करायचा आणि मीठ दुसऱ्याने घालायचं.

"पाच म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं. चार पॉइंट नऊ करा."

"अहो, चिठ्ठ्या कोऱ्या निघतील!"

"मग मेहुणीला फोन करून ठेवा की."

"आणि बाकीच्या दुकानदारांनी काय माझ्या बायकोच्या बहिणी व्हायचं?"

साहेब हसले आणि चार पॉइंट नऊ बाहेर पडलं. काकांनी मग हट्टाने मेहुणीलाही फोन केला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

सकाळी तिचाच आला. "भाऊजी, हॉटेलच्या वेटरांचे आणि शाळेच्या पोरांचे शर्ट एकत्र झालेत. सगळे पांढरे, एकावर नाव नाही! संध्याकाळी शर्ट मिळाले नाहीत तर हॉटेलवाला काम काढून घेतोय. तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी एकूण शर्ट किती, ते विचारलं.

"ताईला विचारू का?"

काकांनी घाईघाईने जुना साचा परत बसवला. तेवढ्यात साहेब आले. "शाब्बास! आता याला पाच द्या. एवढी मोठी दुरुस्ती, दिसायला नको?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच दिलात तर हे आपोआप उतरणारच नाही! आग लागत होती तेव्हा दार सताड उघडं ठेवलंत, आता बंब आलाय तर कडी लावताय?"

"पण जाहिरात गेलीसुद्धा, पाच म्हणून."

"जाहिरातीत पंचवीस छापा!" म्हणत काकांनी चार पॉइंट नऊ पॉइंट एक टाकलं आणि बटण दाबलं.

चिठ्ठ्या छापू लागल्या, पण साचलेला ढीग कोण निवडणार? काकाच. दुपारभर मेहुणीच्या दुकानात कॉलरी ताणून वेटर कोण नि पोर कोण ते ठरवत बसले. हॉटेलवाल्याने कुरकुरत शर्ट नेले, काम राहिलं. तेवढ्यात साहेबांचा फोन. "अहो, गिऱ्हाइकं विचारतायत, पाच कुठाय? काय सांगू?"

मेहुणीने फोन काढून घेतला. "सांगा, धुवायला टाकलाय. चिठ्ठी नाही, त्यामुळे सापडत नाहीये."