लंकाबाईंची कोरडी विहीर

वणीच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी लंकाबाईंचं दीड एकर रान आणि एक विहीर. साठी उलटली तरी बाईंनी कुणावर म्हणून विश्वास ठेवला नव्हता. जावई गोड बोलायला लागला की त्या आधी कपाटाच्या किल्ल्या चाचपायच्या. टंचाईत भरलेली विहीर सरकार टँकरसाठी ताब्यात घेतं, म्हणून परक्याला पाण्याचा ठाव सांगायचा नाही, हे गावात सगळेच पाळत. बाई त्यांच्याही वरचढ. विहिरीवर पत्रे आणि पत्र्यांना कुलूप.

मार्चमध्ये निकिता आली. नाशिकच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी. डोंगरावरून सरळ खाली उतरलेल्या काळ्या दगडाच्या पट्ट्यावर ती हातोडीने ठोकत होती. ही खडी क्रशरवाल्यांचीच माणूस, बाईंनी ताडलं.

"मावशी, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेग पडली," निकिता सांगू लागली. "लाव्हा त्या भेगेतून वर आला आणि आतच थिजला. असा पट्टा कधीकधी जमिनीखालचं पाणी बांधासारखा अडवतो. तुमच्या विहिरीला मेमध्ये पाणी असतं?"

आली मुद्द्यावर! बाई मनात म्हणाल्या.

"कसलं पाणी? होळीलाच खडखडाट व्हतो."

"बघू का जरा?"

"पत्रं काढायला माणूस नाय."

निकिताचा चेहरा उतरला. तिने जबाब लिहून घेतला, बाईंनी खाली सही केली. पोरीचा डाव हाणून पाडला म्हणून त्या दिवशी बाई दोन घास जास्तच जेवल्या.

श्रावणातल्या ग्रामसभेत त्या काळ्या पट्ट्यावरच्या दगडखाणीची परवानगी वाचून दाखवली. पाणी अडवणारे पट्टे फोडू नयेत म्हणून कॉलेजने यादी दिली होती. हा पट्टा त्या यादीत नव्हता. कारण, पायथ्याची विहीर होळीलाच आटते. मालकिणीचा सहीचा जबाब सोबत होता.

बाई उठल्याच. "म्या खोटं सांगितलं व्हतं! मे महिन्यात बी माझ्या विहिरीला लय पाणी असतं. चला, आत्ता दावते!"

खाणवाला हसला. "आजी, श्रावणात कुणाची विहीर भरलेली नसते?"

सभाही हसली. बाईंनी शेजारच्या नवसाबाईचा दंड धरला. "तू तरी सांग गं, तुझं घर तर बांधाला लागून हाय."

नवसाबाईने दंड सोडवून घेतला. वीस वर्षं ती दर उन्हाळ्यात रिकामा हंडा घेऊन यायची आणि रिकामाच परत न्यायची.

"मी काय सांगू? मला तर तू दर साली आटली म्हनूनच सांगितलं."

सोमवारी पहिला सुरुंग लागणार होता. मे महिना यायला अजून नऊ महिने होते.