गाईने खाल्लेलं पिझ्झाचं पीठ

आठवीत माझी शाळा सुटली. लग्न झालं आणि ह्यांच्या ड्रायव्हरच्या नोकरीपायी बीडकडचं गाव सोडून दिल्लीला आले. आधी गुरुग्रामच्या एका घरी स्वयंपाकाला होते. तिथे एकदा दूध करपलं, तर दुसऱ्या दिवशी मला गेटवरूनच परत पाठवलं. मग लक्ष्मीबाई नगरात ताई भेटल्या. सरकारी नोकरीतल्या, आपल्या मराठी बोलणाऱ्या. हे घर सुटू नये म्हणून मी झाकणसुद्धा आवाज न करता ठेवायची.

ताई पिझ्झा रविवारी करायच्या, माझ्या सुट्टीच्या दिवशी. एकदा त्यांनी आम्हा दोघांना मुद्दाम जेवायला बोलावलं. मी बघतच राहिले. टोमॅटो हातानेच कुस्करले, त्यात मीठ, लसूण आणि थोडं तेल, बस. लोखंडी तवा उपडा करून ओव्हनमध्ये अर्धा तास तापवला आणि पिझ्झा अलगद त्याच्यावर सरकवला. चीज इतकं कमी की मला वाटलं, संपलं असेल. पण खालून भाकरीसारखे डाग पडलेले, कड फुगून हलकी झालेली. हे सहसा कशाला छान म्हणत नाहीत, तेही म्हणाले, "अजून एक तुकडा चालेल."

पीठ मात्र ताईंनी कधी भिजवलं, ते मला ठाऊक नव्हतं. तिथेच घात झाला.

जानेवारीतला शनिवार होता. ताईंच्या मुलीचा वाढदिवस, संध्याकाळी तिच्या मैत्रिणी यायच्या होत्या. सकाळी मायलेकी बाजारात गेल्या. मी फ्रीज उघडला तर मोठ्या डब्यात मैदा भिजवलेला. सैलसर, बुडबुडे आलेले, वास आंबूस. आमच्याकडे मळलेलं पीठ रात्रभर ठेवत नाहीत. आई म्हणायची, असल्या पिठावर घरातल्या गेलेल्या माणसांचा जीव अडकतो. मला वाटलं, ताई ऑफिसच्या गडबडीत विसरल्या. पोरींची पोटं बिघडली तर? मी ते सगळं नेऊन मागच्या गल्लीतल्या गाईला घातलं आणि नवा मैदा घट्ट मळून ओल्या फडक्याखाली ठेवला. जरा अभिमानच वाटला.

दुपारी ताई आल्या, फ्रीज उघडला.

"अगं, माझा डबा कुठाय?"

"खराब झालं होतं, ताई. गाईला दिलं."

ताई स्टुलावर बसल्या. "ते कालपासून आंबायला ठेवलं होतं गं. त्यानेच तर चव येते."

मुलगी हसत सुटली. "अच्छा! मावशी, यार, गाईची पण पार्टी?"

मला हसू येईना. गुरुग्रामचं गेट डोळ्यांपुढे आलं. ताईंनी माझं पीठ बोटाने दाबून पाहिलं. "मळलंयस सुरेख. पण हे पोळ्यांचं झालं. चल, तीन तास आहेत हातात."

कोमट पाण्यात यीस्ट आणि चिमूटभर साखर घातली. फेस आल्यावर ते पाणी त्यांनी माझ्याच पिठात मुरवलं. दिल्लीच्या थंडीत ते फुगणार कसं? ताईंनी डबा रजईत गुंडाळला आणि हीटरपासून हातभर लांब ठेवला. "जवळ नको, एका बाजूने शिजेल." आणि आवाज जराही चढवला नाही.

पीठ वर आलं. पहिला पिझ्झा थापायला त्यांनी मलाच दिला. मी परातीत भाकरीसारखा फिरवून थापला, कडा दाबून दाबून पातळ केल्या. गावाकडे जाड कडेची भाकरी केली की आई हातावर चापट द्यायची.

"कडेला हात लावायचाच नाही," ताई म्हणाल्या. "तिथली हवा तशीच राहू दे."

तो पहिला पापडासारखा कडक निघाला. दुसऱ्या वेळी मी करंगळीसुद्धा कडेला लागू दिली नाही. कड फुगली. पोरींनी सगळे संपवले आणि आणखी मागितले.

भांडी आवरताना मी विचारलं, "ताई, खरं सांगा, कसा झाला होता?"

"कालच्या पिठाची चव नव्हती," त्या म्हणाल्या. "पण वाईट नव्हता." उगाच गोड बोलल्या असत्या, तर माझा विश्वास बसला नसता.

मग धीर करून विचारलं, "सोमवारी येऊ ना मी?"

ताईंनी चमकून पाहिलं. "म्हणजे काय? सोमवारी ये, आणि आता पिझ्झाचं पीठ तूच भिजवायचं. किती पाणी, किती यीस्ट, मी लिहून देते."

"आणि चुकलं तर?"

"तर मला विचारायचं. डबा उघडायच्या आधी."

पदराने डोळे पुसत मी जिना उतरले.