उन्हात विरलेली साखर

बाबांची साखर वाढल्याचं कळलं तेव्हा बागेतला हापूस उतरायला नुकती सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, "काका, महिन्याभरात साखर खाली आली तर दिवसाला अर्धा आंबा. नाहीतर यंदा आंब्याला हात लावायचा नाही." स्वतःची कलमं असलेल्या माणसाला ही शिक्षा!

बाबा इरेला पेटले. बिनसाखरेचा चहा काढ्यासारखा गिळू लागले. मुंबईहून आलेल्या भाच्याच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली काढून घेत त्यांनी "हे विष आहे, विष!" असं व्याख्यान दिलं, आणि बोलून घसा सुकला म्हणून पेलाभर कोकम सरबत प्यायले.

ते सरबत दिवसातून किती वेळा व्हायचं ते विचारू नका. उन्हातून आलं की एक, पित्त नको म्हणून एक, पाहुण्याला सोबत म्हणून एक. घरचंच ते, त्याला कोण मोजतो?

महिन्याने रिपोर्ट आला. साखर आणखी वर! बाबांनी आधी लॅबवर संशय घेतला, मग आईवर. "भाजीत गूळ घालतेस तू!" आईने दिवसभर अबोला धरला. मला बाबांचा भयंकर राग आला.

संध्याकाळी डॉक्टर आंब्याची पेटी न्यायला आले. बाबांनी रीतीप्रमाणे सरबत पुढे केलं. एक घोट घेऊन डॉक्टर म्हणाले, "वा! कसं करता हे?"

कोकम भरायला बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. दारापुढच्या खळ्यात उन्हाला ठेवलेली नवी बरणी दाखवत ते रंगात आले. "रातांब्याची सालं घ्यायची. प्रत्येक सालीत साखर दाबून भरायची. वर साखरेचा थर. पुन्हा सालं, पुन्हा साखर..."

डॉक्टरांनी हातातला पेला खाली ठेवला.

"अहो, पण ती उन्हात विरते ना! दिसते का कुठे?" एवढं म्हणताना बाबांची नजर बरणीवरून डॉक्टरांच्या पेल्याकडे गेली. आतून आईच्या हसण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आढीतला सगळ्यात देखणा आंबा काढला, हुंगला आणि माझ्यापुढे ठेवला. समोर बसून माझा घास न् घास बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"आंबट," त्यांच्या समाधानासाठी मी म्हटलं.

बाबा ताडकन उठले. "माझ्या कलमाचा आंबा आंबट? आण तो इकडे, मी चव बघतो!"

"अगो," आई स्वयंपाकघरातून ओरडली, "गोड आहे म्हण, लवकर!"