काचपेटीतला झेंडू

आमच्या चिंचवडच्या कंपनीचा पहिला गिअर स्वागतकक्षातल्या काचपेटीत होता. एका गिअरच्या त्या पेटीला साहेब संग्रहालय म्हणत. आत सिलिका जेलचे निळे खडे असत. ओलावा पिऊन ते गुलाबी झाले, की कँटीनच्या तव्यावर तापवून पुन्हा निळे करायचे, हे माझं काम. गंज दिसला तर घरी जा, असा साहेबांचा दम होता.

खंडेनवमीला मी अतिशहाण्याने झेंडूचा ओला हार आत घालून पेटीला कुलूप लावलं. सुट्टीनंतर साहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा खडे गुलाबी आणि गिअर तांबडा.

“हे काय लागलंय?”

“पूजेचं कुंकू, साहेब.”

साहेबांनी बूट काढून हात जोडले. पाहुण्यांनीही काढले. गंज न ओळखणाऱ्या त्या साहेबाच्या हाताखाली मी पुढे निवृत्तीपर्यंत टिकलो.